अंतर राखा, हक्कही राखा

चंद्रपूरहून मूलकडे किंवा आष्टीहून आलापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर घटकाभर उभे राहावे. कोळसा, सिमेंट, लाकूड आणि आता सूरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक एकामागून एक जात असतात. अनेकांच्या पाठीवर ‘सुरक्षित अंतर ठेवा’ असे रंगवलेले असते, आणि ते नीट वाचता यावे म्हणूनच की काय, मागचा ट्रक त्याला जवळजवळ चिकटून चाललेला असतो!

हिशेब अगदी साधा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. पुढचा लाल दिवा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एखादा सेकंद जातोच आणि भरलेला ट्रक त्यानंतरही लगेच थांबत नाही. जंगलातल्या रस्त्यावर रानडुक्कर किंवा गुरे आडवी आली, पुढच्याने ब्रेक दाबला, की मागच्याच्या हाती काही उरत नाही. मध्ये एखादी दुचाकी सापडली तर विचारायलाच नको. अंतर राखणे ही केवळ सौजन्याची बाब नाही. २०१८ साली निशान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच नियमावर बोट ठेवून, पुढच्या ट्रकवर आदळलेल्या मोटारीच्या चालकाला जबाबदार धरले.

या रस्त्यांवर चूक किती महाग पडते, हे १९ मे २०२२ च्या रात्री चंद्रपूर-मूल मार्गावर अजयपूरजवळ दिसले. टँकर आणि लाकडाचा ट्रक यांची धडक होऊन आग लागली आणि ९ जण गेले. अशा बातम्या आपण वाचतो, हळहळतो. मात्र जखमींचे आणि मागे राहिलेल्यांचे पुढे काय होते, हे क्वचितच छापून येते.

बहुधा होते ते असे. रस्ता अडवला जातो, कुणीतरी मध्यस्थी करतो, थोडी रक्कम हातावर ठेवली जाते आणि कागदावर अंगठा उमटतो. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण अशा वेळी हमखास ऐकवली जाते. ऐकवणाऱ्याचा त्यात काय फायदा, हे मात्र कुणी विचारत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे जखमीला किंवा मृताच्या वारसांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. अपघात कुठेही घडो, दावा आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही दाखल होतो. २०२२ पासून त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असले, तरी त्या भरवशावर कुणी राहू नये. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तरी मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपयांची तरतूद आहे.

पगाराची चिठ्ठी नाही म्हणून दावा बुडत नाही. तेंदूपाने तोडणारी, मोहफुले वेचणारी बाई घरही चालवते, आणि गृहिणीच्या कामाला मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा सांगितले आहे. अपंगत्व मोजताना कमाई किती बुडाली हे पाहायचे, असा २०१० चा निकाल आहे. कारकुनाचा पाय जाणे आणि धान रोवणाऱ्या मजुराचा पाय जाणे, यांतला फरक न्यायालयाला कळतो. तो मांडणारा कुणीतरी हवा, एवढेच.

एक धोका मात्र ओळखून असावे. आठवडी बाजारासाठी मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई देण्यास विमा कंपनी सहसा बांधील नसते. मग रक्कम गाडीमालकाकडून वसूल करावी लागते आणि ती मिळेलच असे नाही.

सिरोंच्याहून गडचिरोलीचे जिल्हा न्यायालय सुमारे २०० किलोमीटर. गरीब माणसाने वकील कुठून आणायचा? आदिवासी, दलित, स्त्रिया, मुले आणि अपंग यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो.

बँकेच्या नोकरीत अज्ञान मुलांच्या नावे न्यायाधिकरणाच्या आदेशाने ठेवलेल्या मुदत ठेवींच्या पावत्या मी पाहिल्या आहेत. बाप परत येत नाही, पण शाळेची फी भरली जाते. हातावर ठेवलेल्या नोटांनी फार तर दिवसकार्य पार पडते.

म्हणून सांत्वनाला जाणाऱ्या शिक्षकाने, ग्रामसेवकाने, शिकलेल्या पोराने एवढेच विचारावे : प्राथमिक माहिती अहवाल, पंचनामा, दवाखान्याची बिले आणि गाडीचा नंबर जपून ठेवला ना?