वर्गणी भरली, तरी पाळीचे पैसे वेगळे



मृगाच्या तोंडावर एका गावात सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण तपासणी दाखवायला गेलो होतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून झाले, चहा आला, आणि पारावर बसलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याने भलताच प्रश्न काढला.

“साहेब, आमचा धाकटा अमेरिकेत नोकरीला आहे. त्याला बॉक्सिंगचं भारी वेड. काल फोनवर म्हणाला, वर्षाची वर्गणी भरलेली आहे, तरी एका लढतीला परत साठ डॉलर घातले. पाणीपट्टी भरायची आणि वर प्रत्येक पाळीचे पैसे वेगळे, असला कुठला हा कालवा?”

पारावर हशा पिकला. पण प्रश्न खरा होता. आज गावोगावची पोरे पुण्या-मुंबईला आणि परदेशात आहेत, आणि असे बारीक खर्च त्यांच्या पगारातून न बोलता जात असतात. मी म्हणालो, “आबा, बसा. हिशेबच करू.”

अमेरिकेत मुष्टियुद्धाच्या मोठ्या लढती घरी बसून पाहण्याच्या दोन रीती आहेत. पहिली लढतीगणिक पैसे भरण्याची. तिला तिकडे पे-पर-व्ह्यू म्हणतात. आपण भाड्याचा ट्रॅक्टर तासावर लावतो, तशीच ही रीत. काम तेवढा दाम. एप्रिल १९९१ मध्ये होलिफील्ड आणि जॉर्ज फोरमन यांची लढत या पद्धतीने सुमारे १४ लाख घरांनी विकत घेतली. २ मे २०१५ रोजी मेवेदर आणि पॅकियाव लढले, तेव्हा हा आकडा ४६ लाखांवर गेला. स्पष्ट चित्र हवे असेल तर त्या एका रात्रीचे जवळजवळ १०० डॉलर पडत होते. या पैशात मल्लांचा वाटा असतो, लढत भरवणाऱ्यांचा असतो आणि दाखवणाऱ्यांचाही असतो. म्हणून दर उतरत नाही.

दुसरी रीत वर्गणीची. महिन्याचे किंवा वर्षाचे ठरलेले पैसे भरा आणि इंटरनेटवरून पाहिजे तेवढे पाहा. डॅझोन नावाची सेवा सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, तेव्हा महिन्याचा दर जवळजवळ १० डॉलर होता. लढतीगणिक पैसे मोजण्याचे दिवस संपले, असा तिच्या जाहिरातीचा सूर होता. वर्षाचे झाले १२० डॉलर, म्हणजे दोन मोठ्या लढतींच्या खर्चाहून कमी. ज्याला वेड आहे त्याला हा सौदा गोड वाटणारच.

पण त्याच वर्षी या सेवेने कानेलो अल्वारेझ या मल्लाशी ११ लढतींसाठी ३६ कोटी डॉलरहून मोठ्या रकमेचा करार केला. एवढा पैसा दहा-दहा डॉलरांतून उभा राहणे अवघड. मार्च २०१९ मध्ये महिन्याचा दर २० डॉलर झाला, आणि वर्षाचे एकदम भरले तर १०० डॉलर. पुढे मे २०२२ मध्ये अल्वारेझ आणि दिमित्री बिवोल यांची लढत याच सेवेवर आली ती वेगळे पैसे लावून. जुन्या वर्गणीदाराला ६० डॉलर, नव्या माणसाला ८०. त्यात अल्वारेझ हरला, ती गोष्ट वेगळी. त्याच सप्टेंबरात गोलोव्किनबरोबरच्या लढतीला ६५ आणि ८५ डॉलर असा दर लागला.

आता आबांच्या कालव्याचे कोडे सुटते. वर्गणी ही पाणीपट्टी खरी, पण ती लहान पाळ्यांची. मोठी पाळी सुटली की पैसे वेगळे. २०२२ मध्ये वर्गणीदाराला सूट मिळाली ती लढतीमागे २० डॉलरची. २०१९ चा वर्षाचा १०० डॉलरचा दर धरला, तर नुसत्या सुटीतून वर्गणी वसूल व्हायला वर्षात पाच मोठ्या लढती विकत घ्याव्या लागतील. २०२२ मध्ये अल्वारेझच्या झाल्या दोनच.

म्हणून वर्गणी वाईट असे नव्हे. जो माणूस दर पंधरवड्याला लहानमोठ्या लढती पाहतो, त्याला १०० डॉलरात पंचवीस रात्री मिळाल्या, तर रात्रीला ४ डॉलरच पडले. जो वर्षात चारच रात्री पाहतो, त्याला तीच रात्र २५ डॉलरला पडते. ट्रॅक्टर तोच, दर तोच. फरक पडतो तो किती तास चालला यात.

आबांच्या मुलासाठी मी कागदावर चार गोष्टी लिहून दिल्या.

एक, गेल्या वर्षभरात खरोखर किती रात्री पाहिल्या ते मोजावे. किती पाहणार आहोत ते मोजू नये, कारण मन तिथे नेहमी जास्त सांगते.

दोन, वर्गणी भरण्याआधी कोणत्या लढती तिच्यात बसतात आणि कोणत्यांना वेगळे पैसे लागतात, हे विचारून घ्यावे.

तीन, वर्षाचा दर आणि महिन्याचा दर ताडून पाहावा. महिन्याला २० आणि वर्षाला १०० असेल, तर पाच महिन्यांहून कमी पाहणाऱ्याने महिन्याचीच घ्यावी आणि काम झाले की बंद करावी. बंद केली नाही, तर पैसे आपोआप कापले जात राहतात. गळका पाइप आवाज करत नाही.

चार, मोठी लढत आठ मित्रांनी एका घरी बसून पाहिली, तर ८० डॉलरचे माणशी दहाच होतात.

शिवाय दर वेळी वेगळे पैसे लागतातच असेही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अल्वारेझ आणि क्रॉफर्ड यांची लढत नेटफ्लिक्सने आपल्या वर्गणीदारांना जादा पैसे न घेता दाखवली. तिकडे सर्वांत स्वस्त, जाहिराती असलेली वर्गणी तेव्हा महिन्याला ८ डॉलर होती. महिन्यापुरती घेऊन सोडणाऱ्याला जगातली मोठी लढत ८ डॉलरात पडली. म्हणून आधी चौकशी, मग पैसे.

आबा कागद घडी करत म्हणाले, “त्यापेक्षा बघूच नको म्हणतो त्याला. शेततळ्याच्या कागदाला पैसे धाडायचे आहेत.”

मी विचारले, “आबा, तरुणपणी जत्रेतल्या कुस्त्यांना किती लांब जात होता?”

“चौदा मैल. पायी. भाकरी बांधून.”

“आणि दोन दिवसांची मजुरी बुडायची ती?”

आबा हसले. परक्या मुलखात एकटा राहणारा मुलगा आठवड्याचे काम संपवून दोन मल्लांची लढत पाहतो, त्यात वावगे काही नाही. हौस असावी, पण तिचा आकडा घरच्या वहीत असावा. ज्या खर्चाचा आकडा वहीत नसतो, तोच शेततळ्याच्या कागदाला आडवा येतो.

आठवड्याने आबांचा फोन आला. “साहेब, शंभरात चौऱ्याहत्तर दाणे उगवले.”

“सत्तरच्या वर आहेत. बिनघोर पेरा.”

“आणि पोरानं बी मोजलं. वर्षात सहाच रात्री निघाल्या. वर्गणी बंद करतो म्हणाला. मोठी लढत असली की दोस्त मिळून बघतील.”

तुमच्या घरीही महिन्याला आपोआप कापली जाणारी एखादी वर्गणी असेल. या आठवड्यात तिचे दाणे मोजून पाहा.