भूल देण्यापूर्वीचा शेवटचा प्रश्न

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ रुग्णाच्या खाटेशी येतात आणि काही प्रश्न विचारतात. दमा आहे का, एखादा दात हलतो का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, पूर्वी कधी भूल दिली होती का. शेवटचा प्रश्न असतो : घरात कोणाला भुलीचा त्रास झाला होता का? व्यापारी कुटुंबात अशा वेळी खाटेभोवती सात-आठ माणसे असतात. कोणी मेडिक्लेमच्या मंजुरीसाठी फोनवर असते, कोणी दुकानाच्या किल्ल्यांची व्यवस्था लावत असते. 'नाही, तसे काही नाही,' असे उत्तर कोणीतरी देऊन टाकते आणि कागदावर सही होते. छत्रपती संभाजीनगरमधील लहानमोठ्या रुग्णालयांत हे दृश्य नित्याचेच आहे. त्या एका घाईच्या उत्तरावर किती अवलंबून असते, हे समजून घ्यायचे तर मराठवाड्यातीलच एका व्यापारी समाजाकडे पाहावे लागते.

नांदेड, देगलूर, उदगीर, परभणी येथील बाजारपेठांत आर्य वैश्य समाजाची किराणा, कापड आणि भुसार मालाची दुकाने अनेक पिढ्यांपासून आहेत. हा समाज मूळचा तेलुगूभाषक. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हापासूनचे तेलंगणाशी नाते आजही टिकून असले, तरी येथील घरांतून आता मराठी रुळली आहे. 'वार'ने संपणारी त्यांची अनेक आडनावे सर्वांच्या परिचयाची आहेत. कन्यका परमेश्वरीची उपासना, शाकाहार, हिशेबाची शिस्त आणि गोत्र टाळून, परंतु समाजातच, सोयरीक करण्याची रीत, यांतील बरेच काही जैन कुटुंबांना ओळखीचे वाटेल. वैद्यकाच्या ग्रंथांत मात्र या समाजाचे नाव निराळ्याच कारणाने आले आहे. भूल देताना वापरल्या जाणाऱ्या एका औषधाच्या बाबतीत रुग्ण आर्य वैश्य असणे हीच सावधगिरीची खूण मानली जाते.

त्या औषधाचे नाव सक्सिनिलकोलिन. शस्त्रक्रियागृहात त्याला स्कोलिन म्हणतात. अपघाताचा रुग्ण किंवा पोट भरलेले असताना तातडीने करावे लागणारे सिझेरियन, अशा वेळी श्वासनलिकेत नळी झटपट घालावी लागते. स्कोलिन दिल्यावर साधारण मिनिटभरात शरीराचे सर्व स्नायू सैल पडतात. श्वासाचे स्नायूही त्यांतच आले, म्हणून तेवढा वेळ श्वास डॉक्टरांच्या हातातील पिशवीवर किंवा यंत्रावर चालतो. पाच-दहा मिनिटांत औषध उतरते. हे उतरणे रक्तातील एका विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे, घडते. ब्युटिरिलकोलिनेस्टरेज असे त्याचे लांबलचक नाव. यकृत ते तयार करते आणि ते इतके तत्पर असते की, टोचलेल्या औषधाचा बहुतेक भाग स्नायूंपर्यंत पोहोचण्यापूर्वीच मोडून टाकते. औषधाची मात्रा ठरविताना ही घट आधीच धरलेली असते.

ज्याच्या रक्तात हे विकर जवळजवळ नाहीच, त्याच्या बाबतीत सारा हिशेब चुकतो. दहा मिनिटांचे औषध काही तास उतरत नाही. शस्त्रक्रिया संपलेली असते, टाके पडलेले असतात आणि रुग्णाला पापणीही हलविता येत नाही. झोपेचे औषध तेवढ्यात उतरले असेल, तर तो भोवतालचे बोलणे ऐकत असतो, पण बोट उचलून खूण करू शकत नाही. भूलतज्ज्ञांच्या वेळीच ध्यानात आले तर उपाय साधा आहे. रुग्णाला झोपेत ठेवायचे, श्वास यंत्रावर चालवायचा आणि वाट पाहायची. औषध शेवटी उतरतेच. ध्यानात आले नाही आणि नळी लवकर काढली गेली, अथवा लहान गावातील रुग्णालयात व्हेंटिलेटरच नसला, तर तेच काही तास जिवावर बेततात.

एकच औषध दोन माणसांत दोन प्रकारे का वागते, या प्रश्नाचे शास्त्र ज्या थोड्या औषधांच्या अभ्यासातून उभे राहिले, त्यांत स्कोलिन अग्रभागी आहे. कॅनडातील टोरांटो येथे वर्नर कॅलो यांनी १९५७ मध्ये या विकरातील आनुवंशिक फरक ओळखण्याची चाचणी दिली. १९५९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फ्रीड्रिख फोगेल यांनी या विद्याशाखेला फार्माकोजेनेटिक्स हे नाव दिले.

जगात इतरत्र हा दोष काही हजारांत एखाद्याला आढळतो. आर्य वैश्यांत त्याचे प्रमाण सुमारे शंभर पट आहे. त्यामागील जनुकीय बदल कोइम्बतूरच्या भारतीयार विद्यापीठातील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००६ मध्ये प्रसिद्ध केला. विकराच्या साखळीत ३०७ व्या जागी ल्यूसिन हवे, तेथे प्रोलिन आलेले असते. रोकडवहीत एक आकडा चुकावा आणि ताळेबंदच जुळू नये, असा हा प्रकार. पुढे हैदराबादची सीसीएमबी ही संशोधनसंस्था आणि अमेरिकेतील हार्वर्ड येथील शास्त्रज्ञांनी दक्षिण आशियातील २६० हून अधिक समाजांतील २,८०० हून अधिक व्यक्तींची जनुकीय माहिती तपासली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८१ समाज असे निघाले की, जे फार थोड्या मूळ पूर्वजांपासून वाढले आणि पुढे आपसांतच विवाह करीत राहिले. त्या मूळ मंडळींपैकी एखाद्याच्या ठिकाणी असलेली जनुकातील चूक अशा समाजात विरळ होत नाही, ती पिढ्यानपिढ्या पुढे ओढली जाते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. गोत्र टाळले म्हणजे रक्त दूरचे झाले, असे समाजातील वडीलधारी मंडळी मानतात. जवळच्या नात्यातील विवाह त्याने टळतात, हे खरेच. खंडेलवालांत तर आई आणि आजी यांच्याकडील गोत्रेही पाहिली जातात. परंतु संपूर्ण समाजच मोजक्या पूर्वजांचा वंशज असेल, तर दोन भिन्न गोत्रांतूनही जनुकाची तीच सदोष प्रत येऊ शकते. आर्य वैश्यही सगोत्र विवाह करीत नाहीत, तरीही दोष टिकला. ओसवाल, खंडेलवाल, सैतवाल यांची विवाहाची चौकट याहून फार वेगळी नाही. म्हणून शेजारच्या समाजाची ही गोष्ट परक्याची समजून सोडून देता येत नाही.

तपासणी मात्र सोपी आहे. रक्तातील कोलिनेस्टरेजची पातळी मोजणे मराठवाड्यातील मोठ्या रुग्णालयांना नवे नाही, कारण फवारणीच्या कीटकनाशकाने विषबाधा झालेल्या शेतकऱ्यांची हीच तपासणी करावी लागते. कीटकनाशक या जातीची विकरे बंद पाडते. परिणामी जन्मतःच विकर नसलेल्या धडधाकट माणसाचा रिपोर्ट विषबाधा झालेल्या रुग्णासारखा दिसू शकतो, आणि घरचा इतिहास ठाऊक नसेल तर डॉक्टरही गोंधळतील. गरोदरपणात व यकृताच्या आजारातही ही पातळी काहीशी खालावते. तेव्हा आकड्याचा अर्थ डॉक्टरांनीच लावावा. घरी बसून लावू नये.

इतर औषधांतही असे भेद आहेत. अँजिओप्लास्टीनंतर रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातील सीवायपी२सी१९ हे विकर त्याला कामाचे करते. भारतीयांत शंभरातील दहा-बारा जणांचे हे विकर जवळपास बंद असते. अशांना या गोळीचा पुरेसा लाभ होत नाही, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१० मध्ये वेष्टनावर घालावयास लावला. ॲसिडिटीची ओमेप्राझोल ही गोळी याच विकराच्या आड येते. व्यापारी मंडळी ती पेढीवर बसल्या बसल्या घेतात आणि हृदयरोगतज्ज्ञांना सांगण्याजोगे त्यात काही आहे, असे त्यांना वाटतही नाही. मात्र हे वाचून कोणी स्टेंटची गोळी स्वतः बंद करू नये. ते थेट प्राणांवर बेतू शकते. मलेरियावरील प्रायमाक्विनने काहींच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, त्याचे कारण जी-सिक्स-पीडी या विकराचा अभाव. या विकराच्या एका सदोष प्रकाराला तर 'कल्याण' हेच नाव आहे. १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात तो सापडल्याची नोंद झाली.

खरी अडचण पुढेच आहे. ही माहिती घरात असते, पण वहीत नसते. काकांना ऑपरेशननंतर 'उशिरा शुद्ध आली' आणि एक रात्र आयसीयूत ठेवावे लागले, एवढेच सर्वांना आठवते. डिस्चार्ज कार्डावर भुलीचा तपशील बहुधा येत नाही, आणि मूळ कागद विम्याच्या दाव्यासोबत निघून जातात. वीस वर्षांपूर्वीची उधारी तारखेसह सांगणाऱ्या घरात त्या रात्री कोणते औषध दिले होते, हे कोणालाच सांगता येत नाही. दुसरे कारण अधिक नाजूक आहे. घरात मुलीचे पाहण्याचे चालू असते. बायोडाटा गावोगावी फिरत असतो. अशा वेळी 'आनुवंशिक' हा शब्द उंबऱ्याबाहेर जाऊ नये, अशीच सर्वांची इच्छा असते. ती समजण्यासारखी आहे, पण या प्रसंगी ती चुकीची आहे. विकराचा हा अभाव म्हणजे आजार नव्हे. असा मनुष्य आयुष्यभर धडधाकट राहतो, दुकान चालवितो, नातवंडे खेळवितो. विशिष्ट औषध दिले जाईपर्यंत त्याला काहीच होत नाही. आई-वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच दोष पूर्णपणे प्रकट होतो, आणि एका भावंडात तो सापडला तर त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात तो असण्याची शक्यता चारात एक असते. त्या भावंडांत सासरी गेलेली बहीणही येते. तिचे सिझेरियन दुसऱ्याच गावी, मध्यरात्री, घाईत होऊ शकते. नेमकी हीच वेळ स्कोलिन वापरण्याची, आणि भूलतज्ज्ञांना उत्तर देण्यासाठी तेथे माहेरचे कोणीही उभे नसते.

ज्यांच्या घरी असा प्रसंग घडला असेल, त्यांनी त्या रुग्णालयाकडून भुलीच्या नोंदीची प्रत मागून घ्यावी. कोणते औषध दिले, त्याचा परिणाम किती वेळ टिकला आणि नंतर कोलिनेस्टरेजची पातळी किती आली, या तीन गोष्टी एका कार्डावर लिहून ते कार्ड पाकिटात ठेवावे आणि त्याची प्रत बहिणीच्या सासरी पाठवावी. कार्ड हाती आले की भूलतज्ज्ञ स्कोलिनऐवजी रोक्युरोनियम वापरतात. ते या विकरावर अवलंबून नसते आणि त्याचा परिणाम उतरविण्यासाठी सुगामाडेक्स हे औषध उपलब्ध आहे. पुढची शस्त्रक्रिया इतरांसारखीच होते आणि रुग्णही इतरांसारखाच घरी येतो.