‘साफ केले’ म्हणजे काय केले?

मोशीतील एका घरी आम्ही चहाला बसलो होतो. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर. ‘‘दोन मुलीच होत्या, म्हणून तिसऱ्या वेळी साफ करून घेतलं,’’ सासूबाई सहज म्हणाल्या. आम्ही चहा संपवला.

उभ्या पिंपरी-चिंचवडचा कचरा मोशीच्या डेपोत येतो; ‘साफ’चा अर्थ मोशीकरांना शिकवायला नको. पण पोटातली लेक कचरा कधी झाली? सुनेला आम्ही दोष देत नाही. तिला विचारले होते कोणी?

गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा १९९४ साली आला. तरीही २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली ८९४ च. ‘हत्या’ हा शब्द कायद्याच्या प्रचारफलकावर राहिला, घरात ‘साफ’ नांदला.

सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये ‘नकुशी’ नावाच्या मुलींना समारंभपूर्वक नवी नावे दिली गेली. जुने नाव क्रूर खरे. पण हाक मारली की ‘ओ’ द्यायला मुलगी होती. साफ केलेलीला नावच नाही.

आपल्या धर्मग्रामातही हा शब्द चालतो, आणि आम्ही तो ऐकून घेतो. पुढच्या वेळी कप खाली ठेवून विचारू : साफ काय केलेत?