कालव्याला पायऱ्या का नाहीत?

जायकवाडीच्या डाव्या कालव्याला उन्हाळी आवर्तन सुटले की मानवत परिसरातील मजुरांची मुले त्यात डुंबावयास जातात. आईबाप रोजगारावर, जलतरण तलाव शहरी श्रीमंतांचे. मूल बुडाले की दप्तरी ‘अकस्मात मृत्यू’ नोंदवून शासन मोकळे, आणि दोष पोराच्या हूडपणाचा! वस्तुतः घात करतो तो शेवाळलेल्या अस्तराचा उतार. शेततळ्याचे प्लास्टिक त्याहून निसरडे. तेथे पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही घोषणा दुमदुमली. तळ्यात सोडलेला एक गाठींचा दोर जीव वाचवू शकतो, हे घोषणा करणाऱ्यांस ठाऊक नव्हते काय? पाटबंधारे खात्याने गावालगत कालव्यास पायऱ्या बांधाव्यात, आवर्तनापूर्वी दवंडी पिटवावी. आणि दोर, कुंपण असल्याविना कोणत्याही शेततळ्याचे अनुदान देऊ नये.