आवक नाही, की उत्तर नाही?

बाजारभाव दाखवणारं वेबपान हा अभियांत्रिकीच्या प्रोजेक्टांमधला हमखास विषय. पूर्वी हवामान असायचं, हल्ली कांदा असतो, आणि ते चांगलंच आहे. डेटा डॉट जीओव्ही डॉट इन या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर देशभरातल्या बाजार समित्यांचे रोजचे दर एपीआयमधून मिळतात. राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, जात, तारीख आणि क्विंटलमागचे तीन दर: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. नोंदणी करून की घ्यायची, जावास्क्रिप्टमध्ये फेच लिहायचं, आलेलं जेसन उलगडून तक्त्यात भरायचं. एका बैठकीत पडद्यावर लासलगाव दिसायला लागतं.

माझी तक्रार त्यापुढची आहे. असं पान एकच परिस्थिती ओळखतं: विचारलं आणि उत्तर आलं. बाकी कुठल्याही वेळी ते पांढरं तरी पडतं, नाहीतर छातीठोकपणे सांगतं, ‘आज आवक नाही’. हे दुसरं जास्त वाईट.

यात फेचचाही हात आहे. त्याच्या आधीचं एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या वेब आवृत्तीसाठी घडवलं होतं. १९९९ साली इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर ते बाहेर आलं आणि वापरायला नावाइतकंच अवघड निघालं. २०१५ च्या सुमारास क्रोम आणि फायरफॉक्समध्ये फेच आलं तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. पण त्याची एक खोड आहे. सर्व्हरने ४०४ म्हटलं, ५०० म्हटलं, तरी त्याच्या लेखी काम फत्ते. उत्तर आलं ना, मग झालं. नेट तुटलं किंवा ब्राउझरने परक्या डोमेनचं उत्तर वाचू दिलं नाही, तरच ते चूक झाल्याचं सांगतं. बाकी वेळी ‘रिस्पॉन्स डॉट ओके’ तपासणं आपलं काम. ते न तपासता पुढे गेलं की सर्व्हरने पाठवलेला बिघाडाचा निरोपच डेटा म्हणून उघडला जातो. त्यात नोंदी सापडत नाहीत. पान कोसळू नये म्हणून कुणीतरी ‘नोंदी नसतील तर रिकामी यादी धर’ असं शहाणपणाने लिहून ठेवलेलं असतं. मग बिघडतो सर्व्हर आणि बंद दिसते बाजार समिती!

रिकामी यादी कधीकधी खरीही असते, हा यातला खरा गुंता. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं आणि नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद पाडले. अशा दिवशी ‘नोंद नाही’ हीच मोठी बातमी. पण तीच रिकामी यादी समितीने आकडे अजून भरले नसतील तरी येते. बाजाराचं नाव एपीआयमधल्या नावाशी अक्षरशः जुळलं नाही तरी येते. या माहितीत लासलगाव, लासलगाव (निफाड) आणि लासलगाव (विंचूर) हे तीन वेगळे बाजार आहेत. कांदा विंचूरला नेणाऱ्याला पानाने नुसतं ‘लासलगाव’ दाखवलं, तर त्याने काय समजायचं?

आणि कधी यादी भरलेली असूनही अपुरी असते. संकेतस्थळावर नमुन्यादाखल दिलेली की वापरली तर एका वेळी दहाच नोंदी मिळतात. त्या दहा ओळी दाखवून वर ‘आजचे बाजारभाव, महाराष्ट्र’ असा मथळा ठोकून देणं मला फसवणुकीच्या जवळचं वाटतं, हेतू कितीही निर्मळ असला तरी.

दराचं वयही पानावर दिसत नाही. कांद्याचा लिलाव सकाळ-दुपार अशा दोन सत्रांत होतो, दर त्यात वरखाली होतो आणि एपीआयमधली नोंद यायला वेळ लागतो. ट्रॉलीत २५ क्विंटल माल धरला आणि क्विंटलमागे २०० रुपयांचा फरक पडला, तर प्रश्न ५,००० रुपयांचा आहे. कालचा दर दाखवायला माझी हरकत नाही. तो कालचा आहे, हे दराइतक्याच ठळक अक्षरांत लिहा एवढंच. २०२१ च्या मे महिन्यात लसीच्या स्लॉटसाठी आपण सगळे फोन घासत बसलो होतो, तेव्हा कोविनच्या सार्वजनिक एपीआयच्या माहितीपत्रकात स्पष्ट म्हटलं होतं की ही उपलब्धता अर्ध्या तासापर्यंत जुनी असू शकते. ते वाक्य डेव्हलपरांनी वाचलं असेलही. पण ‘१२ जागा शिल्लक’ वाचून धडपडणाऱ्या माणसाच्या पडद्यावर ते यायला हवं होतं.

तारखेचं तर विचारूच नका. एपीआय दिवस आधी, महिना नंतर अशी आपल्या पद्धतीची तारीख देतं. जावास्क्रिप्टच्या हाती ती तशीच सोपवली की ब्राउझर अमेरिकी पद्धतीने वाचतात आणि ५ मार्चचा ३ मे होतो. महिन्याच्या १२ तारखेपर्यंत ही चूक बिनबोभाट खपते, १३ तारखेला ‘इनव्हॅलिड डेट’ म्हणून उघडी पडते. प्रोजेक्टचं सादरीकरण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असेल तर पोरं सुटली. दर अंकांऐवजी मजकूर म्हणून आले आणि तसेच क्रमाने लावले, तर ९०० चा भाव १,२०० च्या वर जाऊन बसतो, ते वेगळंच.

एक चूक मात्र गावातल्या नेटवरच दिसते, कॉलेजच्या वायफायवर नाही. माणूस यादीतून लासलगाव निवडतो, उत्तर येईना म्हणून पिंपळगाव बसवंत निवडतो. पिंपळगावचं उत्तर लवकर येतं, पडद्यावर झळकतं. तेवढ्यात मागे रेंगाळलेलं लासलगावचं उत्तर पोचतं आणि त्याच जागी येऊन बसतं. वर नाव पिंपळगावचं, खाली दर लासलगावचे. कुठेही लाल अक्षर नाही, कन्सोलमध्ये तक्रार नाही. अ‍ॅबॉर्टकंट्रोलर वापरून जुनी मागणी रद्द करणं हे मोजक्या ओळींचं काम आहे. निदान आलेलं उत्तर आत्ता निवडलेल्या बाजाराचंच आहे ना, हे दाखवण्याआधी तपासता येतं. तरीही नवशिक्यांच्या धड्यांत हे सहसा शेवटी येतं, आलंच तर.

यावर नेहमीचं उत्तर असं की विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट कोण वापरतं? वापरतात. दुवा व्हॉट्सॲपवर जातो, गावच्या ग्रुपात पडतो, आणि तिथे ते पान कुणा मुलाचा सराव आहे की समितीचं अधिकृत काम, हे विचारायला कुणी थांबत नाही. तक्ता नीटनेटका आणि आकडे मराठी असले की विश्वास बसतोच. शिवाय हीच मुलं दोन वर्षांनी बँकांची आणि दवाखान्यांची पानं लिहिणार आहेत.

तेव्हा परीक्षकांना एक सुचवतो. मुलाने प्रोजेक्ट चालवून दाखवला की लगेच गुण देऊ नका. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडायला लावा, नेटवर्कच्या खणात ‘ऑफलाइन’ निवडा आणि पान पुन्हा न मागवता यादीतून दुसरा बाजार निवडा. मग वेग सर्वांत कमी करून दोन बाजार पाठोपाठ निवडा. शेवटी कीमधलं एक अक्षर बदला. या तिन्ही वेळी पडद्यावर मराठीत काय लिहून येतं ते मोठ्याने वाचायला सांगा, आणि निम्मे गुण त्या वाचनासाठी राखून ठेवा.