रेषेवरून नावापर्यंत
'बंटी', 'टॅमी', 'जिंटी', 'मिस्टी'. एकेकाळी ब्रिटनमधल्या मुली दर आठवड्याला या चित्रकथांवर तुटून पडायच्या, पण चित्रं कोणाची, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. चित्रकाराने कोपऱ्यात सही केलीच, तर छपाईआधी ती अनेकदा पुसली जायची. हा सरळसरळ अन्याय होता. १९७१मध्ये निघालेल्या 'टॅमी'ने नावं छापायला घेतली ती थेट १९८२मध्ये. त्याआधीच्या पानांचा माग जाणकार आज रेषेवरून काढतात. 'टॅमी'मधली जिम्नॅस्ट बेला बारवरून झेपावते, तेव्हा तिच्या खांद्यापासून पावलांपर्यंतचा ताण इतका अचूक उतरतो, की तो हात जॉन आर्मस्ट्राँगचाच. कितीतरी पानं तर स्पेनमधून यायची, बार्सिलोनाच्या पुरिता कांपोससारख्यांनी रेखाटलेली.