आग्वादचे विझलेले दीपगृह आणि ‘आशियातील सर्वांत जुने’ नावाचा रोग

१/ पाचगणीला गेलेल्या प्रत्येकाच्या कानावर एक वाक्य पडतेच : टेबललँड हे आशियातील दुसऱ्या क्रमांकाचे पठार, पहिले तिबेटचे! वास्तविक त्याच सातारा जिल्ह्यातील कासचे पठार टेबललँडहून मोठे आहे. आणि ही दोन्ही ज्याच्या काठाशी उभी आहेत, त्या दख्खनच्या पठाराचे काय? तरीही वाक्य मरत नाही. आजचा थ्रेड या वाक्याच्या गोव्यातील भावंडाविषयी.

२/ मांडवीच्या मुखाशी आग्वादचा किल्ला आहे. पोर्तुगिजांनी तो १६१२ साली पूर्ण केला. नावात ‘आग्वा’, म्हणजे पाणी. दूरवरून आलेली जहाजे येथे गोडे पाणी भरून घेत. किल्ल्यात पांढरे, गोल, चार मजली दीपगृह आहे. बांधकाम १८६४ चे. १९७६ साली ते निवृत्त झाले व दिव्याचे काम शेजारच्या नव्या दीपगृहाकडे गेले. हे विझलेले दीपगृह पाहायला येणाऱ्यांना सांगितले जाते : ‘आशियातील सर्वांत जुने दीपगृह.’

३/ हा दावा खोटा आहे. ‘वादग्रस्त’ वगैरे सौम्य शब्द वापरण्याचे कारण नाही. कोष्टक मांडू :
मुंबई, कुलाबा : १७७१
मद्रास, सेंट जॉर्ज किल्ला : १७९६
मद्रासचे दुसरे दीपगृह : १८४४
श्रीलंका, गॉल : १८४८
सिंगापूरजवळचे हॉर्सबर्ग : १८५१
आग्वाद : १८६४
कुलाबा आणि आग्वाद यांत ९३ वर्षांचे अंतर आहे. आशिया राहू द्या. पश्चिम किनाऱ्यावरसुद्धा हा मान आग्वादला मिळत नाही.

४/ यावर ठरलेला बचाव येतो : ‘जुने म्हणजे आज उभे असलेले.’ ठीक. मद्रासचा १८४४ चा दगडी स्तंभ आजही उच्च न्यायालयाच्या आवारात उभा आहे. दुसरा बचाव : ‘अशा प्रकारचे सर्वांत जुने.’ कोणत्या प्रकारचे, हे मात्र कोणी सांगत नाही. विशेषणे वाढवत नेली की प्रत्येक वास्तू कशात ना कशात पहिली ठरतेच.

५/ तिसरा बचाव अधिक चलाख आहे : ‘असेल चूक, पण त्याने पर्यटक येतात, नुकसान काय?’ नुकसान हे, की ‘सर्वांत जुने’ ऐकल्यावर प्रश्न संपतात. मनुष्य छायाचित्र काढतो आणि खाली उतरतो. खरे साल विचारले असते, तर ते साल बोलू लागले असते.

६/ विचारून पाहू. १८६४ च का? जुने गोवे तोवर ओस पडले होते. १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली होती. आग्वादचा दिवा या नव्या राजधानीच्या वाटेवरचा. पुढच्याच वर्षी, १८६५ साली, पोर्तुगिजांनी मकावच्या गिया किल्ल्यावरही दीपगृह उजळले. तोपर्यंत मुंबईने गोव्याला आणि हाँगकाँगने मकावला मागे टाकले होते. पहिलेपणाची बढाई मारणाऱ्यांना ठाऊक नसते की ही दीपगृहे मागे पडलेल्या एका साम्राज्याची आहेत.

७/ जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठ उजाड झाल्यावर त्याची प्रचंड घंटा काही काळ आग्वादला होती. १८७१ साली ती पणजीच्या टेकडीवरील चर्चमध्ये गेली. मेलेल्या शहराची घंटा किल्ल्यावरून नव्या शहरात पोहोचते. असा प्रवास समोर असताना ‘सर्वांत जुने’ची उसनी झूल कशाला हवी?

८/ आणि दिव्याखालचा अंधार? याच आग्वादला पोर्तुगीज राजवटीने तुरुंग केले. गोवा मुक्तीच्या लढ्यातील सत्याग्रही येथे डांबले गेले. त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्हा यांना १९४६ साली येथे कैदेत ठेवून पुढे पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडण्यात आले. ज्या राजवटीने समुद्रावरच्या परक्याला वाट दाखवली, तिने स्वतःच्या प्रजाजनाला त्याच खडकावर कोंडले. दीपगृह आणि तुरुंग एकत्र वाचल्याशिवाय आग्वाद कळत नाही.

९/ आपल्या किनाऱ्याकडे वळा. अलिबागसमोरच्या खांदेरी बेटावर १८६७ चे इंग्रजी दीपगृह आहे. ते उभे आहे शिवाजी महाराजांच्या दुर्गात. ज्या बेटासाठी १६७९ साली मायनाक भंडारी यांच्या आरमाराने इंग्रजांशी झुंज दिली, त्याच बेटावर. आग्वादहून ते तीनच वर्षांनी धाकटे. त्याला ‘सर्वांत’ लागत नाही, म्हणून त्याची कथा हलकी ठरते का?

१०/ इतिहासप्रेमी तरुणांनो, आपल्या वारशाचा अभिमान असावा. पण जो अभिमान एका कोष्टकाने कोसळतो, तो अभिमान नव्हे, जाहिरात आहे. शेजारच्या कुलाब्याचे आणि मद्रासचे साल पुसून आग्वादला मोठे करणे हा आपल्याच वारशाशी केलेला अन्याय आहे.

११/ तेव्हा आग्वादला अवश्य जा. ‘आशियातील सर्वांत जुने’ असे कोणी म्हणाले, तर शांतपणे एवढेच विचारा : कोणत्या सालापासून? आणि त्याआधी कुठेच दिवा नव्हता का? टेबललँडवरही हाच प्रश्न चालतो. फक्त तिथे सालाऐवजी क्षेत्रफळ विचारा.

१२/ वरील कोष्टकातील एखादे साल कोणाला अमान्य असेल, तर पुराव्यानिशी खोडावे, स्वागत आहे. विशेषणांनी मात्र खोडू नये.